पिल्लांचं खाणं आधी, अंडी नंतर: मूळ वाणाच्या छोट्या माशांची घरी पैदास

अंडी पडली, तिसऱ्या दिवशी काचेला चिकटलेली केसाएवढी पिल्लं दिसली, आणि दहा-बारा दिवसांत टाकी रिकामी. ही तक्रार वारंवार कानावर येते, आणि दर वेळी दोष पाण्याला, हीटरला नाहीतर नशिबाला दिलेला असतो. खरं कारण बहुतेकदा उपासमार असतं. झेब्रा दानिओचं पिल्लू साधारण पाचव्या दिवशी पोहायला लागतं. तोवर ते पोटाखालच्या बलकावर जगतं. बलक संपत आला की त्याच्या तोंडात मावेल असं बारीक खाणं लगेच मिळावं लागतं, आणि ते खाणं तयार व्हायला निदान आठवडा लागतो. म्हणजे अंडी दिसल्यावर खाण्याच्या मागे लागलेल्या माणसाला आधीच उशीर झालेला असतो.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी टाकी, मग पिल्लांचं खाद्य, मग मासे आणि शेवटी अंडी. बाकी चुका निस्तरता येतात, पण हा क्रम चुकला तर त्या खेपेची पिल्लं हाती लागत नाहीत.

मूळ वाण म्हणजे निसर्गात असते तशीच अंगकाठी आणि तसाच रंग असलेला मासा. मुद्दाम निवडून वाढवलेले लांब परांचे, जनुकबदल करून चमकवलेले किंवा संकरित मासे यात धरलेले नाहीत. मुख्य उदाहरण झेब्रा दानिओचं घेतलं आहे, कारण पहिल्यांदा पैदास करणाऱ्याला तो सांभाळून घेतो. बाकी माशांचे फरक पाचव्या टप्प्याच्या शेवटी दिले आहेत.

१. मासा निवडताना अंड्यांची जागा बघा

रंगावर भाळून मासा निवडू नका. तो अंडी कुठे टाकतो यावर तुमची सगळी मांडणी ठरते.

झेब्रा दानिओ आणि इतर दानिओ अंडी मोकळी विखुरतात आणि मागे वळून तीच खातात. पट्टेरी पॅनचॅक्स एकेक अंडं वनस्पतीला चिकटवतो. हनी गोरामीचा नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं करतो आणि अंड्यांची राखण करतो. पहिल्या खेपेला एकच जात घ्या. एकाच टाकीत तीन जाती ठेवून 'बघू कोण अंडी देतंय' असं म्हणणाऱ्याकडे एकाही जातीची पिल्लं उरत नाहीत.

२. टाकी मुरवा

मोठ्या माशांसाठी ३० ते ४० लिटरची टाकी, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, थर्मामीटर, घट्ट झाकण आणि जावा मॉससारखी दाट वनस्पती एवढं पुरतं. पाणी ओढणारा मोटरचा फिल्टर पैदाशीच्या घरात नको. तो पिल्लं ओढून घेतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हवा सोडून २४ तास ठेवल्यास निघून जातं. पण पाण्यात क्लोरामाईन असेल तर नुसतं मुरवून ते जात नाही, त्यासाठी वॉटर कंडिशनर वापरावाच लागतो. निव्वळ आरओचं पाणीही चालणार नाही. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता सांगणारा आकडा, अचानक घसरतो. ते नळाच्या पाण्यात मिसळा किंवा त्यात योग्य क्षार घाला.

आता खरं काम. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. हे जिवाणू स्पंजमध्ये वसायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तेवढा काळ टाकी माशांविना चालवायची. पाण्यात साधारण २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होईल इतका अमोनिया घाला आणि टेस्ट किटने मोजत राहा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज तुमच्या पाण्यात पिळायला मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

*तपासा:* २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तरच टाकी तयार. पाणी नितळ दिसणं हा पुरावा नाही.

*सावध:* पीएच ८ च्या वर आणि पाणी कोमट असेल तर तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो. अशा पाण्यात 'थोडासा तर आहे' म्हणून सोडून देऊ नका.

३. पिल्लांचं खाद्य: मासे आणण्याआधी

टाकी मुरत असतानाच हे सुरू करा. तीन प्रकार लागतात, आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे.

*व्हिनेगर ईल.* यांना सर्वात जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात यांच्यापासून. हे एक-दोन मिलिमीटर लांबीचे, धाग्याहून बारीक जंत असतात. अर्धं सफरचंदाचं व्हिनेगर, अर्धं पाणी, त्यात सफरचंदाच्या दोन फोडी आणि कुणाकडून तरी मिळवलेलं थोडं विरजण. तोंडावर कापड बांधून ठेवून द्या. बाटली भरायला तीन-चार आठवडे लागतात, पण नंतर ती महिनोन् महिने टिकते. काढायची पद्धत मात्र नीट शिकून घ्या. निमुळत्या मानेच्या बाटलीत हे व्हिनेगर मानेपर्यंत भरा, मानेत फिल्टरच्या कापसाचा बोळा बसवा आणि त्यावर अलगद गोडं पाणी ओता. १२ ते २४ तासांत जंत बोळ्यातून वर गोड्या पाण्यात येतात. तेच ड्रॉपरने उचलायचे. व्हिनेगरसकट टाकीत ओतलं तर पाण्याचा पीएच कोसळेल.

यांचा मोठा गुण म्हणजे ते पाण्यात दिवसेंदिवस जिवंत राहतात आणि तळाशी न बसता मधल्या थरात वळवळतात. पिल्लंही तिथेच असतात. मायक्रोवर्म हे दुसरे बारीक जंत मात्र तळाला जाऊन बसतात, म्हणून अगदी सुरुवातीला ते कमी उपयोगी.

*इन्फ्युसोरिया.* म्हणजे पाण्यात वाढवलेले सूक्ष्मजीव. एका बरणीत चालू टाकीतलं पाणी घ्या आणि त्यात वाळलेलं देशी बदामाचं पान किंवा उकडलेले गव्हाचे चार-पाच दाणे टाका. थेट ऊन नको. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं आणि वास येतो. नेमकं याच वेळी लोक ते पिल्लांना घालतात, आणि पिल्लं मरतात. तो दुधाळपणा जिवाणूंचा असतो. थांबा. पाचव्या ते आठव्या दिवसादरम्यान पाणी पुन्हा निवळतं, कारण पॅरामिशियमसारखे सूक्ष्मजीव ते जिवाणू खाऊन वाढलेले असतात. अंधारात बरणीमागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारा. बारीक पांढरे कण स्वतःच्या मर्जीने इकडेतिकडे सरकताना दिसले की बरणी तयार.

एक बरणी कधीच पुरत नाही. तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन बरण्या लावा, म्हणजे एक संपताना दुसरी तयार असते.

*ब्राइन श्रिंप.* खाऱ्या पाण्यातल्या या कोळंबीसारख्या बारीक जिवांची अंडी उबवून निघालेली पिल्लं माशांच्या पिल्लांना घालायची. हे दुसऱ्या आठवड्याचं खाणं, पण अंडी उबवण्याचा सराव आत्ताच करा. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा, तापमान २६ ते २८ अंश, जोरात हवा आणि वर दिवा. साधारण २४ ते ३६ तासांत केशरी पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, जिवंत पिल्लं खाली जमतात. खालून नळीने काढा, तलम कापडावर गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच घाला. उशीर केला तर त्यांच्या अंगातला बलक संपतो आणि तुमच्या पिल्लांना पोषण कमी मिळतं.

*तपासा:* निवळलेली इन्फ्युसोरियाची एक बरणी, जंतांनी भरलेली एक बाटली आणि यशस्वीपणे उबवलेली ब्राइन श्रिंपची एक खेप. तिन्ही हाताशी असल्याशिवाय मासे आणू नका.

४. मासे आणणं आणि तयार करणं

झेब्रा दानिओ निदान आठ ते दहा घ्या, शक्य तर दोन वेगळ्या पिढ्यांतले, पण मूळ एकाच ठिकाणचे. ते टाकीत वाढलेले आहेत की निसर्गातून पकडलेले, हे देणाऱ्याला विचारा आणि लिहून ठेवा. स्वतः ओढ्यातून पकडायचा विचार असेल तर आधी तिथले नियम आणि त्या जातीचा संरक्षण दर्जा पाहा. संकटग्रस्त जातीला हात लावायचा नाही, मग मासा कितीही छोटा असो.

चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पकडून आणलेल्या माशांच्या पोटात जंत असण्याची शक्यता जास्त. मासा खातोय पण पोट खपाटीला गेलंय, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी येतेय, किंवा गुदद्वारातून बारीक लाल धागे डोकावतायत, ही लक्षणं असलेल्या माशांची पैदास करू नका. माशांच्या जाणकार पशुवैद्याला विचारूनच औषध द्या.

नर सडपातळ असतात आणि त्यांच्या पोटाकडच्या भागावर सोनेरी छटा असते. मादी चंदेरी आणि पोटाने गोल. ओळख पटली की दोघांना दहा ते चौदा दिवस वेगवेगळं ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा चांगलं खायला घाला: डॅफ्निया (पाणपिसवा), ब्राइन श्रिंप, डासांच्या अळ्या. डासांच्या अळ्या मासे लगेच संपवतील एवढ्याच घाला. उरलेल्यांचे घरात डास होतात. तळ्यातून आणलेल्या डॅफ्नियाबरोबर हायड्रा (काचेला चिकटून राहणारा, बारीक शुंडांनी शिकार पकडणारा जीव) आणि चतुराच्या अळ्या येतात. हायड्रा पिल्लांच्या टाकीत शिरला तर पिल्लं एकेक करून संपवतो. म्हणून पिल्लांच्या टाकीत तळ्यातलं काहीही घालू नका.

दिवा टायमरवर लावा: १४ तास उजेड, १० तास अंधार. झेब्रा दानिओ पहाटे उजेड झाल्यावर अंडी घालतो. रात्री उशिरापर्यंत खोलीतला दिवा कधी चालू, कधी बंद असेल तर त्याचं हे घड्याळ बिघडतं.

५. अंडी घेणं

आठ-दहा लिटरची टाकी घ्या, पाणी १० ते १५ सेंटिमीटर. वाळू नको. तळावर गोट्यांचे दोन थर पसरा किंवा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर प्लास्टिकची जाळी बसवा. अंडं साधारण एक मिलिमीटरचं असतं. ते जाळीतून खाली पडलं पाहिजे आणि मासा वरच अडला पाहिजे, एवढाच हेतू. एका कोपऱ्यात मॉसचा झुबका ठेवा. पाणी माशांच्या टाकीतलंच, २६ ते २८ अंश.

संध्याकाळी दोन मादी आणि तीन नर सोडा, मध्ये पारदर्शक पडदा ठेवा. सकाळी दिवा लागला की पडदा काढा. नर मादीच्या कडेने सटासट पळायला लागतात, तिला मॉसकडे ढकलतात, क्षणभर दोघं थरथरतात आणि अंडी खाली झरतात. हे सगळं सहसा पहिल्या काही तासांत उरकतं. दुपारच्या आत मोठे मासे काढून घ्या.

*तपासा:* टॉर्च बाजूने धरून तळ बघा. काचेच्या मण्यासारखी अंडी जिवंत, पांढरी अपारदर्शक अंडी मेलेली. पांढरी ड्रॉपरने उचलून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्यांवर पसरते. हलका निळसर रंग येईल इतपत मिथिलीन ब्ल्यू घातलं तर बुरशीला आळा बसतो. मात्र मुरलेल्या स्पंजच्या पाण्यात ते घालू नका, उपयोगी जिवाणूंनाही त्रास होतो.

पहिल्या खेपेची अंडी बरीच पांढरी निघाली तर निराश होऊ नका. मादीने बराच काळ अंडी धरून ठेवली असेल तर असं होतं. आठ-दहा दिवस पुन्हा नीट खाऊ घाला आणि परत लावा.

*इतर माशांसाठी हे बदल करा*

पट्टेरी पॅनचॅक्सला जाळी नको, लोकरीचा मॉप हवा. कृत्रिम धाग्याची गडद लोकर उकळून घ्या, तिचे धागे बुचाला बांधून पाण्यात लोंबते सोडा. दोन मिलिमीटरची टणक अंडी बोटांनी अलगद वेचता येतात. ती उथळ डब्यात ठेवून पाणी बदलत राहा. पिल्लं बारा ते चौदा दिवसांनी निघतात आणि पहिल्या दिवसापासून ब्राइन श्रिंप खातात. इन्फ्युसोरियाची धास्ती वाटत असेल तर सुरुवात या माशापासून करा. झाकणात बोटभरही फट ठेवू नका, हा मासा उडी मारतो.

हनी गोरामीसाठी १५ ते २० सेंटिमीटर पाणी, तरंगत्या वनस्पती आणि जवळजवळ स्थिर पृष्ठभाग. अंडी घातल्यावर मादी काढा. पिल्लं आडवी पोहू लागली की नरही काढा. ही पिल्लं फार बारीक असतात, म्हणून इन्फ्युसोरिया निदान दहा दिवस. पुढे त्यांचा हवेतून श्वास घेणारा अवयव घडतो, तेव्हा पाण्यावरची हवा उबदार आणि दमट लागते. झाकण सताड उघडं टाकून गार वारा आत येऊ दिला तर ऐन त्या काळात पिल्लं जातात.

सेलेस्टियल पर्ल दानिओ रोज थोडी थोडी अंडी घालतो. एक नर आणि दोन मादी मॉसने भरलेल्या छोट्या टाकीत तीन-चार दिवस ठेवा, मग मोठ्यांना हलवा. याला पाणी २२ ते २४ अंश बरं. व्हाईट क्लाऊड मिनो तर १८ ते २२ अंशांतच खूश असतो, त्याला हीटर लावणं ही चूक आहे.

६. अंडी ते पोहणारं पिल्लू

पाणी २८ अंशांच्या आसपास असेल तर एका दिवसात अंड्यात शेपूट दिसतं आणि मधूनच झटका देतं. साधं भिंग घेतलं तर दुसऱ्या दिवशी धडधडणारं हृदय आणि दोन काळे डोळे स्पष्ट दिसतात. दोन ते तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. गार पाण्यात जास्त वेळ लागतो, घाबरू नका.

बाहेर आलेलं पिल्लू लगेच पोहत नाही. ते काचेला चिकटून राहतं. या काळात काहीही खायला घालू नका. त्याला खाता येत नाही, आणि घातलेलं सडतं.

पोहायला लागण्यापूर्वी पिल्लाला वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो, त्यानेच त्याची हवेची पिशवी फुगते. पाण्यावर तेलकट साय असेल तर ते जमत नाही आणि पिल्लू तळाशी फरफटत राहतं. साय दिसली तर कागदाचा रुमाल पृष्ठभागावर अलगद टेकवून उचला.

७. पहिले पंधरा दिवस

पिल्लं आडवी, सरळ पोहू लागली त्याच सकाळी पहिलं खाणं. पाणी ५ ते ७ सेंटिमीटरच ठेवा, म्हणजे खाणं आणि पिल्लू जवळ राहतील. स्पंज फिल्टर मुरलेला, हवा इतकी कमी की बुडबुडे मोजता यावेत.

पाचव्या दिवसापासून इन्फ्युसोरिया आणि व्हिनेगर ईल, दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. दहाव्या-बाराव्या दिवशी चिमूटभर ब्राइन श्रिंप घालून बघा. पिल्लाचं अंग पारदर्शक असल्यामुळे उत्तर लगेच मिळतं: पोट केशरी झालं म्हणजे खाल्लं. निम्म्या पिल्लांची पोटं केशरी आणि निम्म्यांची रिकामी असतील तर बारीक खाणं बंद करू नका, दोन्ही चालू ठेवा. माझ्या मते सर्वाधिक पिल्लं याच वळणावर जातात. मोठी पिल्लं दिमाखात खाताना दिसतात आणि लहानांकडे लक्ष राहत नाही.

*सावध:* ब्राइन श्रिंपची कवचं पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात. घाईत कवचांसकट ओतू नका. न खाल्लेले श्रिंप गोड्या पाण्यात काही तासांत मरून सडतात, ते रोज काढा.

रोज १० ते २० टक्के पाणी बदला. एअरलाइनच्या नळीने तळाचा गाळ पांढऱ्या भांड्यात ओढा. पांढऱ्यावर चुकून आलेलं पिल्लू दिसतं आणि परत सोडता येतं. नवीन पाणी त्याच तापमानाचं, थेंबाथेंबाने.

८. वाढवताना आणि देताना

तिसऱ्या आठवड्यात पाणी वाढवा, पिल्लं मोठ्या टाकीत हलवा. पॅनचॅक्सची पिल्लं आकारानुसार वेगळी करा, मोठी लहानांना गिळतात.

पुढची जोडी लावताना सर्वात चकचकीत मासेच निवडायचा मोह आवरा. काही पिढ्या असं केलं तर तुमच्या टाकीत मूळ वाण उरत नाही, तुमच्या आवडीचा शोभेचा वाण तयार होतो. वाकड्या कण्याचे किंवा अर्धवट परांचे मासे पैदाशीत घेऊ नका, बाकी सगळे निरोगी मासे राहू द्या. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे मासे एकमेकांत मिसळू नका. एकदा मिसळले की ते वेगळे करता येत नाहीत. प्रत्येक टाकीवर चिठ्ठी हवी: जातीचं नाव, मूळ ठिकाण, अंडी पडल्याची तारीख.

जास्तीचे मासे ओढ्यात, विहिरीत किंवा तळ्यात सोडायचे नाहीत, ते तिथलेच वाटत असले तरी. टाकीतला रोग तिथे पोचतो आणि तिथल्या माशांची वाणाची शुद्धता जाते. पाणीही नदीत नको, झाडांना घाला. मासे कुणाला द्यायचे असतील तर २४ तास उपाशी ठेवा, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा भरा, टाकीवरच्या चिठ्ठीची नक्कल वर चिकटवा, आणि घेणाऱ्याला इन्फ्युसोरियाची एक बरणी व व्हिनेगर ईलचं विरजण बरोबर द्या.